दुसऱ्या पडद्यावरील चित्रफीत

एका संगणकास दोन मॉनिटर जोडून एकावर हिशेबाचे काम आणि दुसऱ्यावर संपूर्ण पडदा व्यापणारे व्याख्यान, ही व्यवस्था आज सहजसाध्य वाटत असली, तरी एके काळी फ्लॅश प्लेयरमधील व्हिडिओ, पहिल्या पडद्यावर माउसचे एक क्लिक होताच, आक्रसून मूळ चौकटीत परतत असे. पडदे कितीही असोत, कीबोर्डचा अखत्यार एका वेळी एकाच खिडकीकडे असतो. आणि तो अखत्यार गेला की पूर्ण पडद्याचा हक्कही संपुष्टात यावा, असा फ्लॅशचा दंडक होता.

फेब्रुवारी २०११ मधील १०.२ या आवृत्तीने तो शिथिल केला. त्याच वर्षीच्या मॅकच्या ‘लायन’ प्रणालीत मात्र एका खिडकीने पडदा व्यापला की दुसरा मॉनिटर निरुपयोगी होई. प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र कारभार मिळाला तो २०१३ च्या ‘मॅव्हरिक्स’मध्ये. फ्लॅश २०२० अखेर निवृत्त झाले, आणि हल्लीचे ब्राउझर अखत्यार अन्यत्र गेल्यावरही चित्र सहसा आवरीत नाहीत. तथापि व्हिडिओ बहुधा खिडकी असेल तोच पडदा व्यापतो. म्हणून खिडकी प्रथम दुसऱ्या मॉनिटरवर ओढून न्यावी आणि मगच पूर्ण पडद्याचे बटण दाबावे, हे श्रेयस्कर.