प्लॅटिनमची बैठक

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की रोहे तालुक्यात नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल लागते, आणि तेथे बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, इतक्या विपुलतेने तयार होतात, की पिशव्या आणि पिंपे यांपलीकडे त्यांचा काही उपयोग असेल, अशी शंकाही येऊ नये. परंतु याच कुळातील काही नायट्रोजनयुक्त द्रव्ये, धुराविना वीज देणाऱ्या इंधनघटाचे आयुष्य वाढवू शकतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इंधनघटात हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी व वीज निर्माण होते; मात्र त्यातील ऑक्सिजनाची विक्रिया स्वभावतःच मंद असल्यामुळे तिला प्लॅटिनमसारखा महागडा उत्प्रेरक लागतो, आणि तो काटकसरीने वापरण्यासाठी दोन ते पाच नॅनोमीटरच्या कणांत (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) कार्बनवर पसरावा लागतो. पण हे कण कालांतराने जागा सोडतात, एकत्र येऊन स्थूल होतात, आणि खालचा कार्बनही हळूहळू जळून जातो.

सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये वर्णिलेल्या कार्बन नॅनोनलिका नेहमीच्या काजळीपेक्षा अधिक टिकाऊ खऱ्या, तथापि त्यांचा पृष्ठभाग इतका निष्क्रिय, की प्लॅटिनम तेथे ठरत नाही. तीव्र आम्लांत उकळून तो सक्रिय करावा, तर नलिकेची जाळीच भंगते. यावर पॉलिबेंझिमिडाझोल या नायट्रोजनयुक्त बहुवारिकाची तजवीज मला विशेष सुंदर वाटते : त्याच्या साखळ्या नलिकेला वेढतात, त्यांतील सपाट वलये कार्बनच्या षट्कोनांना रासायनिक बंध न जोडता बिलगतात, आणि नायट्रोजनचे अणू प्लॅटिनम धरून ठेवतात. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत रंग नीट बसावा म्हणून मूर्तीला आधी अस्तर देतात, तसेच हे अस्तर. फक्त ते जाड झाले, तर वायू व वीज यांची वाट अडते. जपानच्या क्युशू विद्यापीठात नाकाशिमा यांच्या गटाने या मार्गाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २०२० च्या ऑक्टोबरात इंधनघटावरील मोटारीची चाचणी झाली, आणि २०२२ च्या ऑगस्टात पुण्यातच इंधनघटावरील बसचे अनावरण झाले. वाहनातील घट वारंवार बंद-सुरू होतो, आणि कार्बनची सर्वाधिक झीज नेमकी त्याच क्षणी होते. तेव्हा थांब्याथांब्यावर उभ्या राहणाऱ्या बसच्या दृष्टीने या अस्तराची परीक्षा प्रयोगशाळेतल्या स्थिर प्रवाहावर नव्हे, तर याच बंद-सुरूच्या चक्रांवर व्हावी, असे माझे मत आहे.