सिंकखालचा उंच वळसा

डिशवॉशरचा आवाज ऐकला की वाटतं, आत धबधबा कोसळतोय. प्रत्यक्षात तळाशी जेमतेम 3-4 लिटर पाणी असतं. पंप तेच पाणी भांड्यांवर फेकतो, ते खाली येऊन जाळीतून गाळलं जातं आणि पुन्हा वर जातं. मळलं की बाहेर टाकायचं आणि नवं घ्यायचं. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांना 1886 मध्ये अशा झोतावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. झोताची करामत कौतुकाचीच, पण त्याहून मजेदार कोडं सिंकखाली आहे: बाहेर टाकलेलं खरकटं पाणी परत का येत नाही?

यंत्राचा तळ जमिनीलगत आणि सिंकचा वेस्ट पाइप त्याच्या वर. त्यामुळे पाणी चढावर न्यावं लागतं. छोटासा पंप ते नेतो, पण तो थांबला की उतार यंत्राकडेच असतो. त्यात पुढे पाइप तुंबलेला असेल, तर सिंकमध्ये ओतलेलं ताकही याच वाटेनं धुतलेल्या ताटांपर्यंत पोचू शकतं. यावरचा उपाय थक्क करण्याइतका साधा आहे. नळी ओट्याच्या खालच्या अंगाला, जमेल तितकी उंच नेऊन पक्की बांधायची आणि मग खाली आणून वेस्ट पाइपला जोडायची. आता घाण पाण्याला परतायचं तर आधी त्या वळशाइतकं चढावं लागेल. वीज नाही, झडप नाही, नुसत्या उंचीचा पहारा!

सिंक काठोकाठ भरलं, तर मात्र हा पहाराही मोडतो. म्हणून कॅलिफोर्नियात नियमानुसार सिंकच्या काठावर एक छोटं नळकांडं बसवतात. त्यात एका नळीतलं पाणी मोकळ्या हवेतून दुसऱ्या नळीत पडतं. पुढे पाइप तुंबला, तर पाणी फार तर सिंकमध्ये सांडेल. हवेतली ती फट ओलांडून यंत्रात शिरणार नाही.

कधी याच्या उलटही घडतं. नळीचं टोक थेट नहाणी ट्रॅपमध्ये खुपसलं आणि ते यंत्रातल्या पाण्याच्या पातळीखाली राहिलं, तर पिंपातून नळीनं रॉकेल काढताना होतं तेच होतं. नळी एकदा भरली की पंप बंद असला तरी पाणी वाहतच राहतं आणि भांडी धुण्याआधीच यंत्र रिकामं होतं. टोक किती उंचीवर हवं हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं; ते पाळावं.

सिंकखालचा बाकदार ट्रॅपही याच कुळातला. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये शौचकूपासाठी ‘एस’ आकाराच्या वाकाचं पेटंट घेतलं. त्या वाकात साचून राहिलेलं थोडंसं पाणी गटाराची दुर्गंधी घरात येऊ देत नाही.

तेव्हा यंत्रात पाणी तुंबलं, तर आधी प्लग काढा आणि पाण्याच्या वाटेनंच शोध घ्या. सुरुवात तळाच्या जाळीपासून: भाताची शितं आणि तेलकट थर तिथेच अडतात. जाळीखाली थोडं पाणी राहतंच, तो बिघाड नव्हे. मग पंपाच्या पंख्यात टूथपिक, लिंबाची बी किंवा काचेचा तुकडा अडकलाय का पाहा. काच असू शकते, म्हणून हातमोजे घाला. पुढे नळी कपाटात चेपली किंवा दुमडली आहे का, वळसा सुटून खाली लोंबतोय का, हे तपासा. शेवटी ट्रॅप खोला, अर्थात खाली बादली ठेवून. सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र नवं बसवून ही नळी त्याला जोडली असेल, तर त्याच्या तोटीतली कारखान्यातून आलेली चकती काढायची राहिली नाही ना, तेही बघा.

एवढं करूनही पाणी हललं नाही, तर मेकॅनिकला बोलवा. पण त्याआधी सिंकखालचं दार उघडून तो वळसा एकदा जरूर पाहा.