शेराचे कुंपण काढताना

आपल्या परसाची साफसफाई निघाली, की सर्वांत शेवटी हात लागतो तो जुन्या कुंपणाला. मूळचा आफ्रिकेतला शेर आपल्याकडे कुंपणाला लावला गेला, कारण गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. छाटणी राहिली, की तोच छपराला भिडतो. परंतु कोयता उचलण्यापूर्वी ध्यानात घ्या : शेराच्या चिकाने कातडी पोळते; तो डोळ्यांत उडाल्यास काही काळ दृष्टीही जाऊ शकते. हातमोजे आणि चष्मा हवाच. मुलांना दूर ठेवावे. मदतीला हौसेने तीच आधी धावतात! चीक डोळ्यांत गेलाच, तर डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. तोडलेल्या फांद्या मात्र ओल्या मातीवर टाकू नयेत. त्यांचे तुकडेही पुन्हा मूळ धरतात.