पहिलटकरणीतील प्रसूतिप्रवर्तन

पहिलटकरणीतील प्रसूतिप्रवर्तन म्हणजे प्रथमच बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या प्रसूतिकळा आपोआप सुरू होण्याची वाट न पाहता औषधांनी किंवा यांत्रिक उपायांनी सुरू करणे होय. बोलीभाषेत यास 'कळा आणणे' असे म्हणतात. गर्भारपण पुढे चालू ठेवल्यास आईला किंवा गर्भाला धोका संभवत असेल, तर ते वैद्यकीय कारणास्तव केलेले प्रवर्तन ठरते. असा धोका नसताना केलेल्या प्रवर्तनास ऐच्छिक प्रवर्तन म्हणतात. पहिल्या बाळंतपणात या निर्णयाला विशेष महत्त्व असते. पहिलटकरणीची प्रसूती तुलनेने लांबते आणि पहिल्या वेळी सिझेरियन झाल्यास गर्भाशयावरील व्रणाचा परिणाम पुढील प्रत्येक गर्भारपणावर होऊ शकतो.

गर्भकाळाची गणना

गर्भकाळ शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजला जातो आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख त्यानंतर २८० दिवसांनी, म्हणजे ४० आठवडे पूर्ण झाल्यावर येते. पाळी अनियमित असल्यास ही गणना चुकू शकते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने ठरवलेली तारीख अधिक विश्वसनीय मानली जाते. शेवटच्या महिन्यांतील सोनोग्राफीत गर्भाच्या वाढीतील वैयक्तिक फरकांमुळे चूक मोठी असू शकते.

पूर्वी ३७ ते ४२ आठवड्यांमधील सर्व प्रसूती 'पूर्ण दिवसांच्या' मानल्या जात. २०१३ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने या कालखंडाचे विभाजन केले. त्यानुसार ३९ आठवड्यांपासून ४० आठवडे ६ दिवसांपर्यंतचा काळ पूर्णमुदतीचा, तर ३७ ते ३८ आठवडे ६ दिवसांचा काळ त्याआधीचा, अलीकडचा मानला जातो. ३९ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांत श्वसनाचा त्रास, कावीळ आणि नवजात अतिदक्षता विभागात दाखल करावे लागण्याचे प्रमाण अधिक आढळते. त्यामुळे वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी प्रवर्तन करू नये, यावर तज्ज्ञांचे व्यापक एकमत आहे.

वैद्यकीय कारणे

गर्भारपणातील उच्च रक्तदाब व प्रीएक्लॅम्प्सिया, मधुमेह, गर्भाची खुंटलेली वाढ, गर्भजलाची कमतरता, कळा न येताच पाणमोट फुटणे आणि लांबलेला गर्भकाळ ही प्रवर्तनाची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी काहींत ३९ आठवड्यांपर्यंत थांबणेही धोक्याचे असते. उदाहरणार्थ, ३७ आठवड्यांनंतर प्रीएक्लॅम्प्सियाचे निदान झाल्यास प्रसूती लांबवू नये असे सांगितले जाते. याउलट वार गर्भाशयमुखावर असणे किंवा बाळ आडवे असणे अशा स्थितींत योनिमार्गे प्रसूती सुरक्षित नसल्याने प्रवर्तन करता येत नाही.

गर्भाशयमुखाची तयारी

प्रवर्तन यशस्वी होण्याची शक्यता मुख्यतः गर्भाशयमुख किती तयार आहे यावर अवलंबून असते. १९६४ मध्ये एडवर्ड बिशप यांनी यासाठी गुणांकपद्धती मांडली. गर्भाशयमुख किती उघडले आहे, किती पातळ झाले आहे, मऊ आहे की घट्ट, त्याची दिशा कोणती आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच बाबींना गुण देऊन कमाल १३ गुणांपैकी बेरीज केली जाते. ६ किंवा त्याहून कमी गुण असल्यास गर्भाशयमुख प्रतिकूल, तर ८ किंवा अधिक असल्यास अनुकूल समजतात. पहिलटकरणीत गुण बरेचदा कमी असतात. अशा वेळी आधी गर्भाशयमुख मऊ करण्याचे उपचार करावे लागतात.

पद्धती

गर्भाशयमुख मऊ करण्यासाठी डिनोप्रोस्टोनचे जेल किंवा मिझोप्रोस्टोलच्या अल्प मात्रेच्या गोळ्या ही प्रोस्टाग्लँडिन औषधे वापरतात. फोली कॅथेटरचा फुगा गर्भाशयमुखातून आत सरकवून फुगवणे हा यांत्रिक उपाय आहे. पुरेशी तयारी झाल्यावर पाणमोट फोडतात आणि ऑक्सिटोसिन सलाइनमधून थेंबाथेंबाने, मात्रा हळूहळू वाढवत देतात. ऑक्सिटोसिनचे कृत्रिम संश्लेषण व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये केले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नागपूरमधील दोन सरकारी रुग्णालयांत उच्च रक्तदाब असलेल्या ६०२ गर्भवतींवर केलेला एक तुलनात्मक अभ्यास २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तोंडावाटे मिझोप्रोस्टोल दिलेल्या गटात ५७ टक्के, तर फोली कॅथेटर वापरलेल्या गटात ४७ टक्के स्त्रियांची २४ तासांच्या आत योनिमार्गे प्रसूती झाली.

घरगुती उपायांपैकी एरंडेल घेण्याची प्रथा जुनी आहे. मात्र त्याने जुलाब व उलट्या होतात आणि त्याच्या उपयुक्ततेविषयीचा पुरावा अपुरा आहे.

ऐच्छिक प्रवर्तन व सिझेरियनचा प्रश्न

प्रवर्तनामुळे सिझेरियनची शक्यता वाढते, असा समज दीर्घकाळ होता. त्याचा आधार असलेल्या अनेक अभ्यासांत प्रवर्तन केलेल्या स्त्रियांची तुलना त्याच आठवड्यात आपोआप कळा सुरू झालेल्या स्त्रियांशी केलेली होती. परंतु निर्णय घेताना 'आज आपोआप कळा येणे' हा पर्याय हाती नसतो. पर्याय असतो तो वाट पाहण्याचा. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींना पुढे आपोआप कळा येतात, काहींचा रक्तदाब वाढतो, तर काहींना नंतर प्रवर्तनच करावे लागते.

या दृष्टीने आखलेला 'अराइव्ह' हा अमेरिकेतील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४१ रुग्णालयांतील, कोणताही विशेष धोका नसलेल्या ६,१०६ पहिलटकरणींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर चार दिवसांच्या आत प्रवर्तन केले गेले, तर दुसऱ्या गटात वाट पाहिली गेली. सिझेरियनचे प्रमाण प्रवर्तन गटात १८.६ टक्के, तर वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के होते. म्हणजे एक सिझेरियन टळण्यासाठी सुमारे २८ स्त्रियांचे प्रवर्तन करावे लागते. गर्भारपणातील रक्तदाबाचे विकार अनुक्रमे ९.१ व १४.१ टक्के स्त्रियांत आढळले. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर आजार यांचे एकत्रित प्रमाण ४.३ व ५.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. प्रवर्तन गटातील स्त्रियांना प्रसूतिकक्षात अधिक काळ राहावे लागले.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. पात्र स्त्रियांपैकी केवळ २७ टक्के सहभागास तयार झाल्या होत्या. सर्वांचा गर्भकाळ सोनोग्राफीने निश्चित केलेला होता. प्रवर्तनास पुरेसा वेळ देणारी आणि बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा नसलेल्या ठिकाणी हेच परिणाम दिसतील, असे गृहीत धरता येत नाही.

४१ आठवड्यांनंतर

गर्भकाळ लांबत जातो तशी गर्भातच मूल दगावण्याची जोखीम वाढते. मात्र एकूण प्रमाण अल्पच राहते. स्वीडनमधील २,७६० स्त्रियांच्या अभ्यासात ४१ व ४२ आठवड्यांना केलेल्या प्रवर्तनाची तुलना करण्यात आली. ४२ आठवड्यांपर्यंत थांबणाऱ्या गटात सहा बाळे दगावल्याने आणि दुसऱ्या गटात एकही न दगावल्याने हा अभ्यास नियोजित वेळेआधीच थांबवण्यात आला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे नेदरलँड्समधील समान अभ्यासाच्या माहितीसह केलेल्या विश्लेषणात ४१ आठवड्यांच्या प्रवर्तनाचा बाळांना होणारा लाभ प्रामुख्याने पहिलटकरणींत दिसून आला.

मार्गदर्शक तत्त्वे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात ४१ आठवड्यांपूर्वी प्रवर्तन करू नये. ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाल्यावर ते सुचवावे. याउलट अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 'अराइव्ह'नंतर ३९ आठवड्यांच्या ऐच्छिक प्रवर्तनाचा पर्याय कमी जोखमीच्या पहिलटकरणींपुढे ठेवणे रास्त मानले आहे. या मतभेदामागे साधनसामग्रीचाही प्रश्न आहे. प्रवर्तनासाठी खाटा, परिचारिका व देखरेख अधिक काळ लागते, आणि ती अपुरी असल्यास अधिक धोक्यात असलेल्या स्त्रियांच्या उपचारांवर त्याचा ताण येऊ शकतो.

धोके

कळा अतिशय वारंवार येणे, म्हणजे दहा मिनिटांत पाचपेक्षा अधिक येणे, हा औषधांचा प्रमुख धोका होय. त्यामुळे बाळाला होणारा प्राणवायूचा पुरवठा घटू शकतो. प्रक्रिया लांबल्यास जंतुसंसर्ग व प्रसूतीनंतरचा रक्तस्राव संभवतो. या कारणांमुळे ऑक्सिटोसिन केवळ देखरेखीची व तातडीच्या सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणीच दिले जावे, अशी अपेक्षा असते. प्रवर्तन अयशस्वी ठरवण्याची घाई हेही टाळता येण्याजोग्या सिझेरियनचे एक कारण आहे. आई व बाळाची स्थिती उत्तम असल्यास पाणमोट फोडल्यानंतर किमान १२ ते १८ तास ऑक्सिटोसिन देऊन मगच तसा निष्कर्ष काढावा, असे सुचवले जाते.

भारतातील संदर्भ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतात २१.५ टक्के बाळांचा जन्म सिझेरियनने झाला. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के होते. त्यामुळे परदेशी अभ्यासातील आकडे येथील एखाद्या रुग्णालयास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. सातव्या-आठव्या महिन्यानंतर डॉक्टर व रुग्णालय बदलल्याने सुरुवातीच्या सोनोग्राफीचा अहवाल मागे राहिल्यास गर्भकाळाविषयी संभ्रम निर्माण होऊ शकतो. शुभ मुहूर्त साधण्यासाठी किंवा नातेवाइकांच्या सोयीसाठी तारीख ठरवणे हे वैद्यकीय कारण ठरत नाही.

निर्णयप्रक्रिया

प्रवर्तनासाठी स्त्रीची माहितीपूर्ण संमती आवश्यक मानली जाते. २००८ मधील एका निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर मिळालेली संमतीच ग्राह्य धरली. प्रवर्तनाच्या बाबतीत गर्भकाळ कशाच्या आधारे ठरवला आहे, प्रवर्तनाचे नेमके कारण काय, गर्भाशयमुख किती तयार आहे, वाट पाहिल्यास तपासण्या किती वेळा होतील आणि प्रवर्तनास किती वेळ दिला जाईल, हे मुद्दे स्पष्ट होणे महत्त्वाचे ठरते. वाट पाहण्याचा निर्णय घेतल्यास बाळाची हालचाल कमी होणे, पाणी जाणे, रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तत्काळ रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत.