सहलीला जाण्यापूर्वी : अजिंक्यतारा, प्रतापगड आणि महाबळेश्वर



सहलीची यादी फलकावर लागली की पहिला प्रश्न येतो तो खिडकीजवळच्या जागेचा आणि दुसरा स्ट्रॉबेरीचा. दोन्ही महत्त्वाचेच! पण हैदराबादहून रात्रभर प्रवास करून आपण साताऱ्याला पोहोचणार आणि हाती असणार एकच दिवस. काहीच ठाऊक नसताना गेले, तर किल्ला म्हणजे पडक्या भिंती आणि महाबळेश्वर म्हणजे थंड हवा, एवढेच लक्षात राहते. म्हणून ही थोडी पूर्वतयारी.

सकाळी प्रथम अजिंक्यतारा. सातारा शहराच्या डोक्यावरच हा किल्ला आहे. औरंगजेब बादशहाने स्वतः छावणी टाकून त्याला वेढा घातला आणि काही महिन्यांनी, एप्रिल १७०० मध्ये, किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘आझमतारा’. पुढे ताराबाईंच्या कारकिर्दीत तो मराठ्यांनी परत घेतला आणि ‘अजिंक्यतारा’ हे नाव रूढ झाले. जो किल्ला एकदा पडला त्याला ‘अजिंक्य’ का म्हणायचे, याचा वर उभे राहून विचार करा. १७०८ मध्ये शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला तो साताऱ्यातच. तटावरून खाली जे शहर दिसते, ते त्यांच्याच काळात वाढले.

तिथून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरत आपण प्रतापगडावर जाऊ. घाटात बस वळणे घेऊ लागली की झोपू नका, बाहेर पाहा. हेच जावळीचे खोरे. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये ते मोऱ्यांकडून जिंकले आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधून घेतला. इथेच का? कोकणातून घाटमाथ्यावर येणारी पार घाटाची वाट इथून जाते. गड ज्याचा, त्याची वाटेवर नजर.

गडाचा दरवाजा लांबून दिसत नाही. तो बुरुजाच्या आड, वळणावर आहे. शत्रूला वळावे लागले की त्याचा वेग मोडतो आणि तो तटावरच्या माऱ्यात सापडतो. हत्तीला धावत येऊन दार फोडायलाही जागा मिळत नाही. गाईड तुम्हाला खालचा गड, तिथले भवानीमातेचे मंदिर आणि वरचा बालेकिल्ला दाखवतील. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते १९५७ मध्ये झाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात प्रतापगडही आहे.

गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा वध झाला. ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे, पण तिचे दोन भाग बहुधा सांगायचे राहून जातात. एक भूगोलाचा. खानाजवळ मोठी फौज होती, हत्ती होते, तोफा होत्या. वाईच्या मोकळ्या मैदानात त्यांचा उपयोग झाला असता, जावळीच्या दाट झाडीत नाही. महाराजांनी त्याला इथवर येऊ दिले, यातच निम्मी लढाई होती. दुसरा भाग माणसांचा. खानाचे वकील होते कृष्णाजी भास्कर, खंडोजी खोपडे हे मराठा वतनदारही खानाला जाऊन मिळाले होते आणि महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. ही दोन राज्यांची लढाई होती, दोन धर्मांची नव्हे. आपल्या वर्गात, गल्लीत सगळ्या धर्मांची मुले आहेत. ही गोष्ट त्यांना सांगाल तेव्हा पुरी सांगा.

दुपारी महाबळेश्वर. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवरचे हे गाव. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ च्या सुमारास इथे इंग्रजांसाठी हवा पालटण्याचे ठिकाण वसवले. बाजारपेठेला त्याच्यावरूनच ‘माल्कम पेठ’ म्हणत. पण त्याच्या कितीतरी आधीपासूनचे जुने क्षेत्र महाबळेश्वर बाजारापासून काही किलोमीटरवर आहे आणि आपल्याला मुख्य पाहायचे आहे ते तिथेच. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथल्या पंचगंगा मंदिरात मानतात.

यातली सावित्री पश्चिमेचा कडा उतरून थोडक्यात अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरवर असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते. कारण सह्याद्री पश्चिमेला भिंतीसारखा उभा आहे, तर पूर्वेकडे पठाराचा उतार लांबलचक आणि सौम्य आहे. त्या उतारावरून वाई, कऱ्हाड, सांगली, पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागराला मिळते.

वाटेत नागार्जुनसागर धरणात अडलेले तिचे पाणी २००४ पासून हैदराबादच्या नळांना येते. शहराला मांजरेचे पाणी येते, गोदावरीचेही येते. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात, गोदावरी त्र्यंबकेश्वरी. “सर, आपण इथले की तिथले?” असे दरवर्षी कुणीतरी विचारतेच. या नद्यांना ते विचारून पाहा!

सोबत स्वेटर, पाण्याची बाटली आणि छोटी वही आणा. तटावर नावे कोरू नका, कचरा पिशवीतच टाका. आणि निघण्यापूर्वी दोन गोष्टी घरी विचारून या : आपल्या घराण्याचे मूळ गाव कोणते, आणि आपल्या नळाला कोणत्या नदीचे पाणी येते. गायमुखातून पडणाऱ्या धारेपाशी उभे राहून प्रत्येकाने आपले उत्तर सांगायचे आहे.