खव्याच्या मुलखात बिनदुधाचे चीज

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा ज्यांनी चाखला आहे, त्यांना त्याची थोरवी सांगायला नको. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘मला दूध चालत नाही’ म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. वास्तविक मोठेपणी दुधातली साखर न पचणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तो नखरा नव्हे. माझ्या भाचीचे दुखणे त्याहून अवघड. तिला दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी. म्हणजे दही, ताक, पनीर, सारेच वर्ज्य. आणि पोरीला हवा असतो तार सुटणारा पिझ्झा!

जपानहून आलेल्या एका नातलगाने तिच्यासाठी ‘मोची’च्या वड्या आणल्या. खडूसारख्या पांढऱ्या, कडक. चिकट जातीचा तांदूळ वाफवून उखळात मुसळाने कुटायचा, ही तिची जुनी रीत. तिकडे नववर्षाला ती हवीच. आपल्या तांदळात अमायलोज नावाचा पिष्टाचा घटक असतो, त्यामुळे भात मोकळा होतो. मोचीच्या तांदळात तो जवळजवळ नसतोच. म्हणून वडी तापली की फुगते, विरघळल्यागत होते आणि चीजसारखी ताणली जाते.

मी तिचे कागदासारखे पातळ काप केले. थालीपीठ एका बाजूने भाजले की उलटायचे, वर काप पसरायचे, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे. तीन-चार मिनिटांत काप मऊ पडतात. मोचीला स्वतःची चव जवळपास नाही. चीजचा खारट-आंबट स्निग्धपणा आणायला दाण्याचे बारीक कूट, मीठ, लिंबू आणि चमचाभर करडईचे तेल कालवून वर लावले. खायचे मात्र गरमागरम; निवले की चिवट होते. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना अगदी बारीक तुकडे द्यावेत. मोची घशात अडकून जपानमध्ये दर नववर्षाला वृद्ध दगावतात, ही चेष्टेची बाब नाही.

दुसरी गोष्ट पोषणाची. शंभर ग्रॅम चीजमध्ये वीसेक ग्रॅम प्रथिने असतात, मोचीत जेमतेम चार; कॅल्शियम तर नावालाच. तार सुटली म्हणून चीजची भरपाई झाली असे आईने समजू नये. ती तीळ, नाचणी, डाळी, शेंगदाणे यांतूनच करावी लागते. बाजारात मिळणारी बिनदुधाची बरीचशी ‘चीज’सुद्धा खोबरेल आणि पिष्ट यांचीच असतात, तेव्हा पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा.

आणि मोची इथे मिळायची कुठे? मला आठवला आपला कुरडईचा चीक. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून खाली बसलेला चीक शिजवला की तोही ओढला जातो. मोचीइतकी लांब तार नाही येत, खरे सांगते. पण मीठ, हिंग, लिंबू आणि दाण्याचे कूट घालून गरम असतानाच भाकरीवर थापला, की भाची मागून घेते. गहू न चालणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. उन्हाळ्यात कुरडयांचा घाट घालाल तेव्हा वाटीभर चीक बाजूला काढून एकदा करून पाहा. तेलात हिंगाआधी मोहरी तडतडू द्या.