वेळ कोणत्या उन्हातली?

नाशिकच्या पळण्याचा गेल्या पंधरा वर्षांचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात शहरापासून करून भागत नाही. ती हरसूलजवळच्या सावरपाड्यापासून करावी लागते. तिथली कविता राऊत अनवाणी पळायला लागली, नाशकात भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंगांच्या हाताखाली घडली आणि ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून देशाला ठाऊक झाली. त्या काळात आम्हा शहरातल्यांचं पळणं म्हणजे डॉक्टरांनी दम भरल्यावर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मारलेल्या चार फेऱ्या. रस्त्याने कुणी पोरगा पळताना दिसला की लोक विचारायचे, ‘‘पोलीस भरती का रे?’’

ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविताने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. वेळ 33 मिनिटं 5 सेकंद. पुढच्या दोघी केनियाच्या. त्यांतली दुसरी तिच्यापुढे 28 सेकंदांनी पोहोचली होती. गावभर पेढे वाटले गेले, फलक लागले. पण मला जास्त शिकवून गेली ती त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी ग्वांगझूला झालेली आशियाई स्पर्धेतली शर्यत. अंतर तेच, चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. या वेळी बरोबर केरळची प्रीजा श्रीधरन होती आणि बहारीनची एक धावपटू. तिघी तीन सेकंदांच्या आत संपल्या. प्रीजा पहिली, कविता दुसरी, दोघींत एका सेकंदाहूनही कमी अंतर. कविताची वेळ 31 मिनिटं 51 सेकंद!

म्हणजे दिल्लीपेक्षा सव्वा मिनिटाच्या आसपास कमी. फेरीमागे जवळजवळ तीन सेकंद. सहा आठवड्यांत माणसाचे पाय काही नवे होत नाहीत. पुढे कुणीतरी हाताच्या अंतरावर पळत असलं, मागून कुणाचा तरी श्वास ऐकू येत असला, की त्याच पायांतून वेगळीच धाव निघते. दिल्लीच्या वेळेवरून जर कुणी त्या मुलीची कुवत ठरवली असती, तर तो साफ फसला असता. आणि सुवर्ण हुकलं म्हणून हळहळणाऱ्यांनी तर वेळेकडे बघितलंच नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत पळण्याचं वारं शहरात शिरलं. हौशी मॅरेथॉन आल्या, मनगटावर जीपीएसची घड्याळं आली, गंगापूर रोडने सोमेश्वरकडे पहाटे घोळके दिसू लागले. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी सायकलवर अमेरिका आडवी पार केली, ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पुरी केली, आणि दवाखाना सांभाळूनही असलं काही करता येतं हे मध्यमवर्गीय नाशिककराला पटलं. आमच्या घोळक्यातही मग एकच विषय. ‘‘पेस किती?’’ किलोमीटरला सहा मिनिटं म्हणणारा सात मिनिटंवाल्याकडे जरा वरूनच बघायचा.

हा माज उतरवला तो नाशिकच्या हवेनेच. निफाडकडून गारठा येतो त्या डिसेंबरात जो वेग सहज निभतो, तोच मे महिन्यात सकाळी आठ वाजता जीव काढतो. कारण साधं आहे. अंग तापलं की ते थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त राबावं लागतं. श्रावणात हवा इतकी ओली असते की घाम वाळतच नाही, म्हणजे गारवाही मिळत नाही. अंजनेरीच्या चढावर तर किलोमीटरचा हिशेब हास्यास्पदच. तिथे पळणारे सगळे निमूट चालायला लागतात.

2016 मध्ये कविताच्याच दोन मॅरेथॉनमध्ये हे पुन्हा दिसलं. फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने 2 तास 38 मिनिटांत सुवर्ण जिंकून रिओ ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं. ऑगस्टमध्ये रिओत सकाळी साडेनऊला शर्यत सुटली, ऊन तापत गेलं, कित्येकींनी मध्येच सोडून दिलं. कविताने ती पुरी केली, 120वी आली, वेळ तीन तासांना काही सेकंद कमी. आपल्याकडे चहाच्या टपरीवर त्या 120 आकड्यावरून जी टवाळी झाली, ती करणाऱ्यांपैकी किती जण भर उन्हात 42 किलोमीटर नुसते चालले असते, हा प्रश्न मी तेव्हा मोठ्याने विचारला होता. उत्तर अजून यायचं आहे.

2020 च्या टाळेबंदीत मैदानं बंद झाली आणि बरेच जण गच्चीवर गोल गोल फिरले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढंच, की पुन्हा रस्त्यावर आल्यावर पेसची चौकशी कमी झाली होती. आता लोक आधी विचारतात, ‘‘कुठून पळालात? सावली होती का?’’

सावलीचा हा प्रश्न नंतर घोळक्यापुरता उरला नाही. 2025 च्या अखेरीस सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर विरोधात उभे राहिले. त्यांत पर्यावरणवाले होते, कलावंत होते आणि रोज पहाटे त्या झाडांखालून जाणारी साधी माणसंही होती. कुंभासाठी जागा लागणार, हे कुणी नाकारत नव्हतं. पण रोपं लावून देऊ, हे आश्वासन पळणाऱ्या माणसाला फारसं पटत नाही. मे महिन्यात उघड्या डांबरावर आणि जुन्या झाडांखाली एकच अंतर कापून बघितलेलं असतं त्याने, आणि रोपाला तेवढी सावली धरायला किती उन्हाळे जातील हेही त्याला ठाऊक असतं.